शालनचं ताट

कोल्हापूर,
दि. ११ मार्च २००१

प्रिय विजयसिंह,

दाजीचा नमस्कार. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून द्याल, म्हणून पत्र. आधी ठीक असलेलं लिहितो. प्रीती दहावीच्या अभ्यासात आहे. स्वयंपाकघर फोडायला काढलंय. ग्रॅनाइटचा ओटा, भिंतीला टाइल्स, सगळं तुमच्या अक्काच्या पसंतीचं. केरबा गवंड्यानं आठ दिवस सांगितले होते, तीन आठवडे झाले, अजून सिंकचा पत्ता नाही. गॅसच्या जागी सिमेंटची पोती आहेत. त्यामुळे दोन्ही वेळेला गल्लीच्या तोंडाच्या खाणावळीत जेवण. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. रोज तांबडा-पांढरा रस्सा.

आमच्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे. शालन वाढणार, मी आणि प्रीती जेवणार, मग ती आत एकटी बसणार. अठरा वर्षं झाली लग्नाला, तिला समोर बसून जेवताना मी पाहिलेलंच नाही. खाणावळीत मालकानं तिघांची ताटं एकदम आणून ठेवली.

पहिल्या दिवशी ती नुसता पांढरा रस्सा प्यायली. दुसऱ्या दिवशी भाकरी मोडत बसली, मोडून मोडून भुगा केला. मला वाटलं, चारचौघांत लाजतेय. चेष्टाही केली, "घरात चार भाकऱ्या हाणतीस, हितं काय पावणी झालीस व्हय?" ती हसली. चौथ्या दिवशी मी हट्टानं एक तुकडा रश्शात बुडवून तिच्यापुढं धरला. लोकांदेखत नको कसं म्हणणार? तिनं खाल्ला. डोळे पांढरे झाले, छाती धरली आणि सगळं ताटात परत आलं. प्रीती रडायला लागली. मी हात तसाच धरून बसलो होतो.

घरी आल्यावर विचारलं.

"गौरीपासनं भाकरी उतरत न्हाई," ती म्हणाली. "आधी ताकात कुस्करून खात हुते. आता ताकच."

सहा महिने, विजयसिंह. मी मटण खाऊन, हात धुऊन टीव्हीपुढं बसत होतो आणि भिंतीपलीकडं ती ताक पीत होती. माझा अजून विश्वास बसत नाही. एका घरात राहतो आम्ही.

दुर्बीण घालून बघितलं. अन्ननलिकेत गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवला होता, काल कागद आला. गाठ चांगली नाही. येत्या शनिवारी मिरजेला ऑपरेशन आहे.

आता जे लिहायला इतकी पानं घेतली ते लिहितो. भाऊबीजेला तुम्ही म्हणालात, "अक्का वाळलीया, खाती का न्हाई?" मी उसळलो. आम्ही तिला उपाशी ठेवतो काय, असं म्हणून तुम्हाला ओवाळणीच्या पाटावरून उठवलं. तुम्ही गेलात ते गेलातच. डोळे तुमचे शाबूत होते, माझे नव्हते.

काल डॉक्टरांनी विचारलं, सोबत कोण येणार. ती म्हणाली, "भाऊ हाय इचलकरंजीला, पर त्येला कळवू नगा." बाहेर आल्यावर मी कारण विचारलं. दिवाळीआधी तिला वाटलं होतं, आपोआप जाईल. भाऊबीजेनंतर मात्र तिनं मुद्दाम लपवलं. म्हणाली, "विजयचं खरं झालं असतं. तुमची मान खाली गेली असती."

दवाखान्याच्या पायरीवर मी खाली बसलो.

विजयसिंह, शनिवारच्या आत या. तुमचंच खरं होतं, हे मला तिच्यासमोर तुम्हाला सांगायचंय. तिला आत नेण्याआधी तिनं ते ऐकायला हवं.

तुमच्या अक्काचा नवरा,
कृष्णात