एक बंधू, ज्याचं नाव प्रभूला ठाऊक

७ ऑक्टोबर १९३७, गुरुवार. दिवेलागण.

मंडळी आत्ताच गेली. ओसरीवर चपलांचा चिखल, सतरंजीवर चुरमुरे, आणि दाऊदमास्तरांनी बशीतून चहा ओढल्याचा आवाज अजून माझ्या कानात. शिसारी आली.

आजपासून रोजनिशी. कन्नड गावच्या तहसील कचेरीत पेशकारी करण्यात जन्म गेला. रोज सरकारी फसली सनाची तारीख घालून दुसऱ्यांच्या भानगडी लिहिल्या. आता रिटायर झालो. इसवी तारीख घालून स्वतःचं लिहीन. वाचणारं कोणी नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं की, आमच्या चर्चच्या ज्येष्ठांचा शास्त्राभ्यास दर गुरुवारी माझ्याच घरी भरतो. गेल्या वर्षी पत्नी वच्छला वारली, त्यानंतर महिन्याभरात पाळकसाहेब स्वतः आले. म्हणाले, पेशकारसाहेब, तुमची ओसरी मोठी आहे, मंडळाला द्याल का? वास्तविक पाळकांच्या बंगल्याचा व्हरांडा माझ्या ओसरीच्या तिप्पट आहे. म्हणजे ओसरी हे निमित्त. त्यांना माझ्यासारखा माणूस हवा होता. मी मोठ्या मनानं हो म्हणालो. मला स्वतःला सोबतीची गरज नाही. बाकीच्यांना आहे.

संकल्प: मंडळाचा प्रमुख व्हायचं. पुढच्या महिन्यात दौलताबादेस रिट्रीट आहे, तिथं निवड होईल असा माझा कयास. दुसरा संकल्प: चहा बंद. हा शास्त्राभ्यास आहे, इराण्याचं हॉटेल नव्हे.

१४ ऑक्टोबर, गुरुवार.

चहा केला. साखर आणून ठेवलेली होती, मुंग्या लागल्या असत्या.

चतुराबाई बायबल-बाई. म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणं हे त्यांचं काम. पण वाचतात ओळीवर बोट फिरवत, आणि प्रत्येक वचनाला उसासा. मी दोनदा टोकलं. सांडू शिंपी वाचन चालू असताना पेंगतो. मनकर्णाबाई पेंगत नाहीत, पण तंबाखूची मिसरी लावून येतात. असल्या लोकांच्या संगतीनं माझी आत्मिक वाढ कशी काय व्हायची?

शेवटी प्रार्थनेच्या विनंत्या. आमच्यात विनंती करताना नाव घेत नाहीत. पूर्वी घ्यायचे. तेव्हा संध्याकाळी प्रार्थना झाली की सकाळपर्यंत सगळ्या मिशन कंपाउंडात बोभाटा. म्हणून आता नुसतं ‘एक बंधू’ किंवा ‘एक भगिनी’ म्हणायचं. नाव प्रभूला ठाऊक असतं.

तर पाळकसाहेब म्हणाले, आपल्यातल्या एका बंधूची आठवण नेहमीप्रमाणे करू. घरचं माणूस गेल्यापासून त्याचं मन आंबलंय. कोणाचं काही बरं दिसत नाही. दार लावून बसतो, आणि दुःख आहे हे कबूल करत नाही. मनकर्णाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सगळ्यांत खणखणीत ‘आमेन’ माझं होतं.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार.

हा बंधू कोण, याची रीतसर तहकिकात केली. पाळकसाहेब नव्हेत, त्यांची पत्नी हयात आहे, तीन गल्ल्यांपर्यंत ऐकू येते. सांडूचीही आहे. उरलो दाऊदमास्तर आणि मी. मी तर मी आहे. म्हणजे दाऊदमास्तर. बायको जाऊन पाचसात वर्षं झाली.

पुरावा: मास्तर फार हसतात. आतून ठीक असलेला माणूस एवढा हसत नाही. माझ्याकडेच पाहा.

संकल्प: या बंधूला मी एकट्यानं वर काढणार. मग प्रमुखपद कुठं जातं!

१७ ऑक्टोबर, रविवार.

उपासना आटोपून थेट मास्तरांच्या घरी छावणीत गेलो. वच्छला गेल्यापासून कोणाच्या घरी गेलो नव्हतो, कारण लोकांच्या घरात वास येतो. मास्तरांच्या घरात शेळीचा येतो. बाजेवर बसवलं. बाजेत ढेकूण.

धीर धरण्याविषयी बोलायला सुरुवात केली, तोच त्यांच्या सुनेनं बाजरीची भाकरी आणि रस्सा पुढं ठेवला. बोध अर्धवट राहिला. रस्सा तिखट होता, दोनदा घेतला. मास्तरांनी विचारलं, वहिनी मसाला कसा करायच्या हो? मी सांगितलं. वच्छला धणे भाजताना मला हाक मारायची, वास बरोबर आला का विचारायला. मला त्यातलं काही कळत नसे, तरी मी ‘थोडं अजून’ म्हणायचो. असं बरंच सांगत बसलो. उदाहरणादाखल. मास्तरांनी डोळे पुसले. औषध लागू पडतंय!

२१ ऑक्टोबर, गुरुवार.

पाळकसाहेबांनी आभाराची प्रार्थना केली. तो बंधू घराबाहेर पडू लागला, म्हणाले. मला आधीच माहीत होतं, रविवारी जेवणानंतर मीच मास्तरांना पाणचक्कीपर्यंत फिरायला नेलं. प्रार्थना संपल्यावर सगळे माझ्याचकडे बघत होते. कृतज्ञता, दुसरं काय. चतुराबाईंनी तर माझा हात धरला. हाताला लसणाचा वास.

२७ ऑक्टोबर, बुधवार.

ओसरी सारवून घेतली. गुलमंडीतून शेव आणली, कंदिलाची काच बदलली. शेजारच्या वहाबमियाँनी कुंपणावरून विचारलं, पेशकारसाब, घर में शादी है क्या? मी म्हणालो, कल जुमेरात है. ते म्हणाले, वो तो हर हफ्ते आती. या माणसाला धर्मकार्यातलं काही कळत नाही.

२८ ऑक्टोबर, गुरुवार.

भजन झालं. मास्तरांची पेटी बेसूर, सांडूची झांज पुढं पळते, आणि मनकर्णाबाईंचा सूर कुठून येतो हे त्यांनाही ठाऊक नसावं. डोकं उठलं. तरी लोक उठायला तयार नाहीत. मीच ‘आणखी एक होऊ द्या’ म्हणालो, म्हणजे एकदाची हौस फिटेल आणि जातील. आणखी चार झाली.

शेव संपली. आणखी असती तर तीही खाल्ली असती. टोळधाड.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार. मुक्काम दौलताबाद, राहुटी.

रिट्रीट म्हणजे जगाचा गलबला सोडून देवाच्या सान्निध्यात जाणं. आम्ही गलबला बरोबर आणला. गाडीत सगळ्यांनी दशम्या सोडल्या, इथं पोचल्यावर सीताफळांवर तुटून पडले. राहुटीबाहेर बियांचा सडा. बी थुंकताना माणसाचं खरं रूप दिसतं. खिचडीला धुराचा वास. पोट बिघडलं तर शेतात जायचं, आणि शेतात आधीच पाळकसाहेब.

दुपारी मौनाचा तास. लोकांना मौन पाळता येत नाही, म्हणून मला अधूनमधून मोठ्यानं सांगावं लागलं. तासाच्या शेवटी पाळकसाहेब म्हणाले, सर्वांनी मौन पाळलं, एका बंधूखेरीज. मास्तरच असणार.

सांडू माझ्या शेजारी घोरतोय. मास्तर दुसऱ्या बाजूला. थंडी आहे म्हणून दोघांनी त्यांच्या गोधड्यांची टोकं माझ्यावर टाकलीत. गोधडीला घामाचा वास येतो. ऊब बरी आहे.

उद्या साक्षींची सभा. भाषण तयार आहे.

१३ नोव्हेंबर, शनिवार. तिथंच.

विजय!

आंब्याखाली सभा भरली. एकेकजण उठून, प्रभूनं वर्षभरात काय केलं ते सांगत होता. बहुतेकांच्या साक्षी रद्दी. सांडूच्या साक्षीत त्याचं शिवणयंत्र दुरुस्त झालं, याउप्पर काही नव्हतं.

मग मी उठलो. नाव न घेता, आमच्या रीतीला धरून बोललो. म्हणालो, मी एका बंधूला ओळखतो. पत्नी गेल्यावर तो मनानं कुजला होता. जेवताना समोरचं ताट रिकामं बघवत नसे, म्हणून उभ्यानं खायचा. (ही बाब मास्तरांची म्हणून मी अंदाजानं सांगितली. तसंच होतं माणसाला.) आज तो बंधू पूर्ण बरा आहे. त्याला आता कोणाच्या आधाराची गरज नाही. त्याच्यासाठी चाललेली प्रार्थना खुशाल थांबवा आणि दुसऱ्या कोणा गरजवंताकडे वळा. मी स्वतः ग्वाही देतो.

 मग चतुराबाई हमसून रडल्या. मास्तरांनी मला मिठी मारली, कांदा आणि सीताफळ दोन्हींचा वास. मला वाटलं, बरा झालेला बंधू उपकार मानतोय. पाळकसाहेब पुढं आले. म्हणाले, हे ऐकायला किती गुरुवार थांबलो. ज्या कामासाठी मंडळ पेशकारसाहेबांच्या ओसरीवर बसत होतं, ते काम प्रभूनं पुरं केलं.

प्रमुखपदाचं जाहीर करायचं राहून गेलं. इतक्या भावनेच्या भरात राहणारच. गुरुवारी करतील.

१८ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळ.

सतरंजी घातली. शेव, चुरमुरे, दूध जास्तीचं. स्वीकृतीचं भाषण पाठ.

कोणी आलं नाही.

चहा उकळून काळा झाला. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की उठत होतो. दरवेळी दुसराच कोणी. वहाबमियाँ कुंपणावर येऊन म्हणाले, क्या पेशकारसाब, आज मेहमान नै आये? मी म्हणालो, आज छुट्टी है. त्यांनी थोडा वेळ उभं राहून पाहिलं आणि आत गेले.

बेजबाबदार लोक. निरोप देण्याची रीत नाही. पाऊस नव्हता, तापाची साथ नव्हती.

उभ्यानं खाल्लं.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार.

शहागंजच्या बाजारात चतुराबाई मेथी निवडताना दिसल्या. मी जाब विचारला. त्या म्हणाल्या, आवो पेशकारसायेब, मंडळ आता मनकर्णाबाईकडं भरतंय, उस्मानपुऱ्यात. रिट्रीटवरनं आली अन् उंबऱ्यात पडली, पाय मोडला. लेक पार मनमाडला. एकटी बाजंवर पडून हाय.

मी म्हणालो, मग माझी ओसरी?

त्या म्हणाल्या, तुमचं तर झालं ना समदं बरं? तुमीच सांगितलं भर सभेत. लई रडलो आम्ही. दाऊदमास्तर तर म्हनले, पेशकारानं पौलासारखं केलं. पौल नाय का म्हनला, म्या एका मानसाला वळखतो, अन् तो मानूस सोताच निघाला.

मेथीची जुडी माझ्या हातात होती. किती वेळ धरली होती कोणास ठाऊक. बाईनं काढून घेतली आणि विचारलं, व्हय, बसता का जरा?

२० नोव्हेंबर, शनिवार.

किळस आली सगळ्यांची. माझा चहा पिऊन, माझी शेव खाऊन, माझ्याच ओसरीवर माझ्यासाठी प्रार्थना! आणि मी प्रत्येक वेळी ‘आमेन’ म्हणालो, सगळ्यांत मोठ्यानं. एकाला वाटलं नाही सांगावं? म्हणे नाव घ्यायचं नसतं.

आणि दाऊदमास्तर! मी त्यांना धीर द्यायला जात होतो, आणि हा माणूस मला रस्सा वाढत होता.

संकल्प: मंडळाशी संबंध बंद. चर्चशीही. रिटायर माणसानं घरी बसावं. मला कोणाची गरज नाही, हे मी स्वतः आंब्याखाली ग्वाही देऊन सांगितलं आहे, आणि पेशकाराची ग्वाही फिरत नसते.

२२ नोव्हेंबर, सोमवार.

काही घडलं नाही.

२३ नोव्हेंबर, मंगळवार.

काही घडलं नाही. दुपारी ओसरी झाडली. स्वच्छच होती.

लिहूनच टाकतो. वाईट वाटतंय. गुरुवारसाठी मी शुक्रवारपासून जगत होतो.

२५ नोव्हेंबर, गुरुवार. घरी परतल्यावर.

मनकर्णाबाईंच्या पायाची चौकशी करायला उस्मानपुऱ्यात गेलो. गुरुवार होता हा योगायोग.

खोली म्हणजे खुराडं. मिसरीचा वास. गोल भरलेला होता, मी उंबऱ्याशी चपलांच्या ढिगाजवळ बसलो. रोमकरांस पत्र, आठवा अध्याय. चतुराबाईंनी बोट फिरवत वाचलं. मी टोकलं नाही.

मग पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाची काही विनंती? माझा हात वर झालेला मलाच उशिरा कळला. सगळे वळले. भरल्या कचेरीत पुकारा करणारा माझा आवाज, कधी बसला नव्हता. सांगायचं होतं की तो बंधू बरा झालेला नाही. ग्वाही खोटी होती. पण मास्तर इतक्या आनंदानं माझ्याकडे बघत होते की जीभ उचलेना. शेवटी तोंडातून निघालं: खोकला.

सगळ्यांनी माझ्या खोकल्यासाठी प्रार्थना केली. सांडूनंही केली, जागा राहून. मास्तरांनी पाठीवर हात ठेवला. चतुराबाईंनी ज्येष्ठमधाची काडी दिली, पिशवीच्या तळातली, तंबाखू चिकटलेली. मनकर्णाबाई बाजेवरून म्हणाल्या, खोकला लई वंगाळ पेशकारसायेब, बरा होईस्तोवर दर गुरुवारी या.

मला खोकला नाही.

परतताना वाटेत दोनतीनदा खोकून पाहिलं. जमेल.