तुझ्या नातीला खडसावलं त्याचा अहवाल

ती. दादा,

गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून नमस्कार. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? (खरं सांग. वहिनी "बरं आहे" म्हणते, पण तसं ती गळक्या नळाबद्दलही म्हणते.) गोळी घेतली नसशील तर आधी घे, मग पुढे वाच.

नातीला माझ्याकडे शिकायला ठेवताना तू म्हणाला होतास, इलेक्ट्रिकल म्हणजे आपल्या घरातली गोष्ट. परवा तिने जेवताना जाहीर केलं, इलेक्ट्रिकल सोडून सिव्हिलला जायचं. लगेच तुझा फोनवर हुकूम, कॉलेजात जा आणि हे थांबव. चाळीस वर्षं सबस्टेशन सांभाळल्यामुळे बहिणीलाही तू स्विचच समजतोस. तरी काल गेले.

ऑफिसातल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं की शाखा एकदाच बदलता येते, परत फिरता येत नाही, सिव्हिलची एकच जागा रिकामी आहे आणि अर्ज परवा दुपारी बाराच्या आत (म्हणजे आता उद्या!) आला नाही तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलाची. मी मनात म्हटलं, झालं काम. दोन दिवस हिला अडकवली की संपलं.

पण नात वर्गात नव्हती. शोधत सिव्हिलच्या प्रयोगशाळेत पोचले, तर बाईसाहेब कोपरापर्यंत सिमेंट फासून तिथे हजर. दाराशी करड्या कोटातला एक माणूस टाकीतल्या पाण्यातून काँक्रीटचे ठोकळे काढत होता. शिपाई समजून मी त्याला फैलावर घेतलं. (कॉन्व्हेंटात सिस्टरांनी ताठ उभं राहून, एकही शब्द न गिळता बोलायला शिकवलं होतं. शिक्षण वाया जाऊ दिलं नाही.) दुसऱ्यांच्या पोरी फितवता, लाज नाही वाटत, बोलवा तुमच्या साहेबांना! तो शांतपणे म्हणाला, "आजी, साहेब मीच. जरा मागे सरा, ठोकळा फुटायचाय."

अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरलेला तो ठोकळा यंत्राच्या जबड्यात होता. किती भाराला फुटेल, पोरं आकडे सांगत होती. तुझी नात म्हणाली, "सहाशे सत्तर." काटा चढू लागला. पाचशे. साडेपाचशे. इतर सगळ्यांचे आकडे एकेक करून मागे पडले. सहाशे. कुणी श्वास घेईना, मीही नाही, आणि मला दमा आहे. साडेसहाशेला बारीक करकर ऐकू आली, मग धाडकन आवाज. काटा सहाशे बहात्तरवर थांबला. दादा, तेव्हा तिचा चेहरा! इलेक्ट्रिकलच्या पुस्तकासमोर ती दाढ दुखत असल्यासारखी बसते.

तरी मी तुझ्या शब्दाला जागले. घरी आल्यावर तिला खडसावलं, आजोबा तुझं तोंड पाहणार नाहीत असंही सांगितलं.  ती जेवली, स्वतःचं ताट घासलं आणि इलेक्ट्रिकलचं पुस्तक उघडून बसली. अर्धा तास एकच पान.

तेव्हा तू सांगितलेलं काम चोख झालं आहे.

तुझी हुकमाची ताबेदार,
धाकटी

ता. क. सोबतचा कागद म्हणजे शाखा बदलण्याचा अर्ज. प्रवेशाच्या वेळी पालक म्हणून तूच सही केलीस, त्यामुळे माझी चालत नाही (विचारून पाहिलं, दोनदा). पेन्सिलीने फुली केली आहे तिथे कर.

ता. क. २ पत्र घेऊन आली ती तुझी नातच. बाहेर पायरीवर बसली असेल, कारण मी तिला आत यायची बंदी केली आहे. तुला तोंड पाहायचं नव्हतं ना? परतीची बस पाचची आहे. तिच्या पिशवीत जड लागेल तो फुटलेला ठोकळा. साहेबांकडून तुझ्यासाठी मागून घेतला. काचेच्या टेबलावर ठेवू नकोस.

ता. क. ३ पेन सापडत नाही म्हणशील, म्हणून तिच्याकडे दोन दिली आहेत. गणित सोडायला लावून मला टायपिंगला घातलं, त्या कागदावर बाबांनी सही केली, तेव्हा पेन तू धावत जाऊन आणलं होतंस. या वेळी मी पाठवते आहे.