दोराचा डोंगर की खुर्चीचा

स्प्रिंगफील्ड, न्यूझीलंड, ३ जून १९९२
चि. कॉलिन यास थेल्माताईचे अ. आ.

तुझं लांबलचक पत्र आलं. निम्म्यातच कळलं. ऑगस्टच्या थंडीत तुझ्या त्या बेव्हला बर्फावर स्कीइंगला न्यायचंय आणि डोंगर मी निवडायचा. तू विचारलेले तिन्ही माझ्या पाहण्यातले.

क्वीन्सटाउनकडचा तारेवरच्या खुर्चीचा. बसायचं की वर. पण रांग एवढी की खाली उभ्या उभ्याच संध्याकाळ होते. मेथव्हेनकडचा उतार सोपा, पण वारा माणसाला टोपीसकट उडवतो. राहिला आपल्या क्लबचा. दोर पळत असतो, त्याला कमरेचा चिमटा अडकवायचा आणि वर जायचं. संध्याकाळी ज्याच्या वाट्याला येईल त्यानं बटाटे सोलायचे. रांग नाही, थेरं नाहीत.

मी तिथलीच जागा धरून ठेवलीय. हातमोजे चामड्याचे आणा, लोकरीचे असले तर दोर खाऊन टाकतो.

माया आहेच, रोज काय लिहायची.
थेल्माताई

टिमारू, १० जून
ती. थेल्माताईस कॉलिनचा शि. सा. न. वि. वि.

ताई, जरा दमानं घे. बेव्ह ऑस्ट्रेलियात, केर्न्सच्या उन्हात वाढलेली. साठ वर्षांत बर्फ पाहिला तो सरबतातला. मला खुर्चीचाच डोंगर बरा वाटतो.

खरं सांगू? भीती तिला नाही, मला आहे. दोराची नाही, तुझी. जोन मला त्याच दोरापाशी भेटली. माझी बायको व्हायच्या आधी ती तुझी मैत्रीण. ती गेल्यापासून तू तिचं नाव काढत नाहीस, म्हणून आम्हीही काढत नाही. आता मला बेव्हशी लग्न करायचंय. तू नको म्हणालीस तरी करीन, पण मग त्यातली गोडी निम्मी जाईल. तिथे बेव्हला बघून तू तोंड फिरवलंस, तर मी काय करू?

रागावलीस तरी लोभ तेवढा ठेव.
तुझा कॉलिन

स्प्रिंगफील्ड, १५ जून
चि. कॉलिन यास अ. आ.

खुर्चीत बसलेलं माणूस सगळं सारखंच दिसतं. दोरावर कळतं कोण कसं आहे ते. घेऊन ये. पुढचं पुढे.

तब्येतीला जप. कमी बोल.
थेल्माताई

क्लबची खोली, १६ ऑगस्ट
चि. कॉलिन यास अ. आ.

ताप उतरला का? ऐन वेळी अंथरूण धरलंस आणि बेव्हला एकटीला धाडलंस, शहाणा आहेस. पत्र तिच्याच हाती देतेय. ती स्वतःबद्दल कमीच सांगेल, म्हणून मी सांगते.

पहिल्याच फेरीला पडली. पडलं की दोर सोडायचा, हे पोरंसोरंही जाणतात. हिनं सोडला नाही. पोटावर फरफटत, तोंडात बर्फ, थेट वरच्या चाकापाशी. माणूस चाकात जाऊ नये म्हणून लावलेली धोक्याची तार तुटली आणि दोर थांबला. अख्खा डोंगर जागच्या जागी उभा. मी धापा टाकत पोचले, तर ही विचारते, आता अर्धं राहिलं की झालं? मी हसले रे. मला हसताना बघून दोरवाला घाबरला.

ज्याच्यामुळे दोर थांबला त्यानं रात्री सगळ्यांची भांडी घासायची, हा इथला कायदा. पाहुणीला सूट द्या, असं दोघंतिघं म्हणाले. बेव्ह म्हणाली, पडले मी, तर घासणार कोण, माझी आत्या? बाह्या सारून उभी राहिली. मी फडकं घेतलं पुसायला. तर कढई घासता घासता सरळ विचारलंन, थेल्मा, जोन कशी होती? तुम्ही सगळे माझ्यासमोर तिला दडवता, मला आवडत नाही. किती दिवसांनी कुणी विचारलं. शेवटची बशी पुसून झाली तरी मी बोलतच होते. ही ओल्या हातांनी ऐकत होती. जोनलाही दोर सोडता यायचा नाही, ते सांगितलं तेव्हा दोघी पोट धरून हसलो.

सकाळी क्लबचा सेक्रेटरी आला. ही पाहुणी पुढच्या वर्षी येणार का, विचारत होता. मी म्हटलं, पाहुणी कसली, भावजय आहे माझी.

तेव्हा आता मला खोटं पाडू नकोस. तारीख कळव.

तुम्हा दोघांवर माया.
थेल्माताई