निळ्या रेशमाची लडी

अब्बा, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला मराठीशिवाय दुसरं काही लिहिता येत नाय. पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला, अन् तुम्हीच म्हणालात, आता पोरीला मराठी शाळेत घाला. तीन इयत्ता झाल्या तेवढ्याच. ओळी तिरक्या जातात, सांभाळून घ्या.

पण आज मी लई खुशीत आहे. माझी नात कॉलेजात उजेडाचं शिकते. उजेडात शिकायचं काय असतं, असं तुम्ही विचारलं असतं. मीबी तेच विचारलं. तर तिनं काळ्या काचेचा तुकडा आणला अन् सांजच्याला मला गच्चीवर नेलं. गुडघे दुखतात, तरी गेले. "दादी, सूर्याकडं नको बघू. इकडं हर्सूलच्या बाजूला बघ अन् काच हळूहळू फिरव." फिरवली, तर आभाळ गडद. अजून फिरवली, तर फिकं. "बास आता, मान धरंल," म्हणते. मी कुठली ऐकते. ती म्हणली, उजेड हवेवर आपटून चहूकडं उधळतो, निळा सगळ्यात जास्त. अन् उधळला की एकाच दिशेनं डोलतो. मागाच्या फणीतनं उभा धागा जातो, आडवा अडतो, तसं ही काच त्याला सोडते नायतर अडवते. फणीचं माझं हां, तिनं माग कुठं बघितलाय.

मग बोलता बोलता म्हणली, दिवस बुडताना उजेड लांबून येतो, निळा वाटेतच उधळून जातो, म्हणून तेव्हा निळं अन् जांभळं सारखंच काळपट दिसतं. ते ऐकून मी टाकीला टेकून खालीच बसले.

तुमचा कायदा होता, रेशमाचा रंग दुपारी दारात उभं राहूनच जुळवायचा. मी अकराची असंन. हिमरू शालीच्या किनारीची निळी लडी निवडून धोट्यातल्या कांड्यांवर रेशीम भरायचं काम तुम्ही मला पहिल्यांदा दिलं. फजरची नमाज पढून तुम्ही कंदिलावरच विणायला बसलात, माझ्या भरवशावर. उजाडलं, तर वीतभर किनार जांभळी. लग्नाची शाल. तुम्ही मारलं नाय. दोन्ही लड्या पुढं धरून विचारलं, "बेटी, रंग कब मिलाई?" मी म्हणले, "दुपारी." तुम्ही माझ्या डोळ्यांत बघत राहिलात, मग अम्मीला म्हणालात, "इसकी नजर कच्ची है. मागपे बिठाना नक्को." मागावर भाऊ बसला, मी चुलीपुढं. अन् दर जुम्म्याला दुआ पढून तुम्ही माझ्या डोळ्यांवर फुंकर घालायचात. शेवटच्या दुखण्यात दम पुरत नव्हता, तरीबी.

नजर चांगली होती, अब्बा. अजून सुईत दोरा मीच ओवते. दुपारी मी चिंचा पाडत होते, लड्या दिवस बुडताना बघितल्या. नातीला सांगितलं, तर ती हसून म्हणली, "मग दादी, चूक उजेडाची."

हा कागद न्यायचा कुठं? कबरीपाशी वाचावा, तर लोकं ऐकतील. ट्रंकेत कपड्यांखाली राहू दे. त्या दिवशी मार पडंल म्हणून खोटं बोलले. नंतर गप्प राहिले, ते फुंकर बंद होईल म्हणून.