वहीतले एकशे आठ

अण्णा,

आज संध्याकाळी गच्चीवर आईच्या फेऱ्या मोजत होते. दोन महिन्यांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला. आता मानपाड्याच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून कपड्यांच्या दोरीपर्यंत, काठी टेकत ती रोज चालते आणि मी वहीत लिहिते. चालताना ती रामनाम घेते, एका श्वासात जमेल तेवढं. पाठमोरी असली की शब्द कळत नाहीत, नुसती पुटपुट ऐकू येते, आणि ती मला तुमची वाटते. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तरी मी टाकीच्या मागे बघून येते.

तुमची बायपास झाली तेव्हा तुम्ही त्रेसष्टचे होतात. हॉस्पिटलातून निघताना तीन निळ्या चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं; नळीतून श्वास ओढायचा आणि चेंडू वर उचलायचे. पहिल्या आठवड्यात एकच हलला. "कंपनीच्या कबड्डी टीमचा पहिला चढाईवाला मी, आणि आता हे खेळणं उचलता येत नाही," म्हणालात आणि हसायला गेलात, तर छातीशी उशी धरावी लागली. तिसरा चेंडू वर गेला त्या दिवशी शेजारच्या काकांना बोलावून दाखवलंत. तेव्हा आपण मोहन्याला राहायचो; मग तिथल्या मैदानाभोवती चालणं सुरू झालं. हलक्या आवाजात कबड्डी कबड्डी म्हणत एका दमात किती पावलं होतात ते मोजायचं, नंतर दगडावर बसून मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजायची. तुम्ही आकडा सांगायचात, मी लिहायचे. बसल्या बसल्या एकदा म्हणालात, "आधी शरीर माझं ऐकायचं. आता मी त्याचं ऐकतो. ओळख जरा उशिराच झाली." ते मी त्याच रात्री माझ्या डायरीत उतरवून ठेवलं.

लिहिण्याचं काम तुम्ही मला दहाव्या वर्षी दिलंत. कंपनीच्या मैदानावर अंतिम सामना होता, मी पंचांच्या टेबलाशी बसून वहीत गुण मांडत होते. समोरच्या गड्याचा अंगठा तुमच्या टाचेला लागला. पंचांनी पाहिलं नाही, कोणीच पाहिलं नाही. तुम्ही हात वर केलात आणि आपण होऊन बाहेर गेलात. एका गुणाने हरलो. तुमचे दोस्त घरापर्यंत बोलत आले, "अरे हरिश्चंद्रा, पंच काय आंधळा म्हणून ठेवलेला? त्याचं काम त्याला करू दे ना!" तुम्ही पायपुसण्यावर पाय घासत म्हणालात, "लागलं ते मला लागलं. त्याला कसं कळणार?" मग माझी वही मागितलीत. मी तो शेवटचा गुण लिहिलाच नव्हता. तुम्ही ओरडला नाहीत. पेन्सिल हातात दिलीत आणि म्हणालात, "अगं, खेळणारा विसरतो, बघणारा विसरतो. लिहिलेलं तेवढं राहतं. नीट लिही."

ऑपरेशनला आठ महिने झाले आणि कबड्डी मंडळाने जुन्या खेळाडूंचा सामना ठरवला. तुम्हाला एक चढाई करायची होती. एकच. आई म्हणाली, "छाती उघडून शिवलीय तुमची. उसवली तर पुन्हा शिवायला गोधडी आहे का ती?" तुम्ही म्हणालात, "हात लावून परत येतो गं. कोणी धरणार नाही म्हाताऱ्याला." नौपाड्यातल्या डॉक्टरांनी अट घातली होती: पंधरा दिवसांची वही दाखवा, चालून आल्यावरची नाडी एकशे दहाच्या आत असेल तर बघू. चौदा दिवस ती आत राहिली. शेवटच्या गुरुवारी तुम्ही दगडावर बसलात, ओठ जरा निळसर वाटले मला, की तो संध्याकाळचा उजेड होता, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. तुम्ही म्हणालात, "एकशे अठ्ठावीस." मी एकशे आठ लिहिलं. तुमचा चष्मा घरी होता. "लिहिलंस?" "लिहिलं." तुमच्या भल्यासाठी केलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मला तुम्हाला एकदा त्या मैदानात बघायचं होतं, उशी छातीशी धरलेलं तुमचं रूप डोळ्यांवरून पुसून टाकायचं होतं. माझ्यासाठी केलं.

घरी आईने वही पाहिली. "एकशे आठ! शुभ आकडा," म्हणाली, आणि माळ्यावरच्या पेटीतून तुमचे गुडघ्याचे पट्टे स्वतः काढून धुतले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आकडा मोठ्याने वाचला तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. क्षणभरच. मग खिडकीबाहेर बघत राहिलात. अण्णा, तुम्हाला एकशे अठ्ठावीस आठवत होते का? आठवत असतील, तर आयुष्यात त्या एकदाच तुम्ही हात वर केला नाहीत. पण हे लिहितानाही शंका येते, की माझं ओझं अर्धं तुमच्या खांद्यावर टाकायला मी ती नजर इतकी वर्षं जपून ठेवली असेल.

रविवारी तुम्ही चढाई केलीत. मध्यरेषा ओलांडताना तुमचा आवाज मला वीस वर्षांपूर्वीचा ऐकू आला. एकाच्या खांद्याला हात लावून परत आलात, रेषेवर टेकलात, लोक टाळ्या वाजवत होते आणि आई तोंडावर पदर धरून हसत होती. एकोणीस दिवसांनी सकाळी चहाचा कप ओट्यावर ठेवलात आणि तिथेच खाली बसलात. सामन्यामुळे का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "असं सांगता येत नाही हो." ते खरंच असणार. त्याचाच त्रास होतो.

आईचं मात्र ठरलेलं आहे. कोणी तुमचा विषय काढला की ती म्हणते, "मीच जा म्हटलं. पट्टे मीच काढून दिले." मग जरा थांबून, "पण वहीत तर सगळं बरोबर होतं." सोळा वर्षं ती हे म्हणते आहे आणि मी समोर बसून ऐकते आहे.

आज तिच्या पाच फेऱ्या झाल्या. खुर्चीत बसत म्हणाली, "सहा लिही."

"पाच झाल्या, आई."

"एक वाढवलीस तर काय बिघडतं गं? फिजिओ मुलगी खूश होईल. अगदी अण्णांवर गेलीस. तुझी वही म्हणजे त्यांना वेदवाक्य वाटायचं."

मी पाचच लिहिले. वही मिटली. ती गुडघा चोळत माझ्याकडे बघत होती, गच्चीवर तिसरं कोणी नव्हतं, विचारणारंही कोणी नव्हतं. त्या एकशे आठचं सांगायला तोंड उघडलं होतं मी, खरंच. हातही उचलला होता. पण त्याच हाताने मी खाली पडलेली तिची काठी उचलली, आणि तिच्या हातात देत म्हटलं, "चल, अंधार पडेल."