एकोणीस ठिपके

चिकपेट, बेंगळूर
शनिवार, ता. १२ नोव्हेंबर १९९४, दुपारी सव्वातीन

ती. सौ. वसुमतीअक्का हिला परसूचा नमस्कार.

साडीच्या दुकानाच्या पाटीला रंगाचा पहिला हात देऊन झाला आहे. तो वाळेपर्यंत तासभर मोकळा आहे, तेवढ्यात हे पत्र पुरं करतो. आप्पांचा खोकला कमी आहे. तू धाकट्या संयोगितासाठी पाठवलेली शंभराची मनीऑर्डर मिळाली. हिशोब शेवटी लिहिला आहे.

संयोगिताचा सेमिनार कसा झाला, असं तू विचारलंस. दोनदा झाला. आता काळजीचं कारण नाही, हे आधी वाच आणि मगच पुढचं वाच.

पीएच.डी.ला नवीन लागलेल्या मुलांना पाच सरांसमोर उभं राहून आपलं काम सांगावं लागतं. पसंत पडलं तर पुढे, नाहीतर नाव कमी. आपल्या आप्पांनी सांगून ठेवलं होतं, की नाव कमी झालं तर तुळशीचं लग्न झाल्यावर तिला सांगून आलेल्या होसूरच्या मंडळींना होकार कळवायचा. संयोगिता मंगळवारी सकाळी निघाली तेव्हा तिने दहीसुद्धा खाल्लं नाही.

तिने रागीच्या एकोणीस रोपांना कमीजास्त पाणी घालून त्यांची उंची मोजली होती. तो आलेख पारदर्शक कागदावर काढून दिव्याने भिंतीवर दाखवायचा होता. भिंतीवर तो दिसला आणि एक सर म्हणाले, "ही रागी आहे की पोलिसांची परेड?" सगळे हसले. मग हसणं थांबलं. एकोणीसच्या एकोणीस ठिपके रेघेवर बसले होते. खरी रोपं तशी वाढत नाहीत म्हणे. आकडे बनवले असावेत, असा संशय आला. शुक्रवारी मूळ वही घेऊन ये, म्हणून सांगितलं.

अक्का, वर "बसले होते" असं लिहिलं आहे. ते मी बसवले होते.

आमच्या धंद्यात आधी खडूची दोरी मारतात आणि तिच्यावर अक्षरं बसवतात. एक अक्षर वरखाली गेलं, की गिऱ्हाईक पैसे कापतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून संयोगिताने ते पारदर्शक कागद माझ्याकडे लिहायला दिले होते. तिने पेन्सिलीने रेघ काढली होती आणि ठिपके रेघेच्या आजूबाजूला सांडल्यासारखे होते. मला वाटलं, पोरीचा हात हलला. मी ते नीट केले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, की एम.एस्सी. झालेल्या बहिणीचं काही आपल्याला सुधारता आलं. कागद मी तिला मंगळवारी निघतानाच दिले. तिला बघायला वेळच नव्हता.

तिने तिथे माझं नाव घेतलं नाही. "मी तपासलं नाही, सर, चूक माझी," एवढंच म्हणाली. घरी येऊन पाटावर वही उघडून बसली. मी समोर होतो. मी बुधवारीही गप्प राहिलो, गुरुवारीही. आप्पा होसूरच्या मुलाची शेती किती, ते सांगत होते आणि मी जेवत होतो.

शुक्रवारी तिच्यामागून मीही बस धरली. शिपायाने अडवलं, तर त्याला म्हणालो, अण्णा, स्वल्प काम आहे. तिच्या त्रिविक्रम सरांना सगळं कानडीत सांगितलं. ते म्हणाले, बहिणीसाठी कुणीही असं सांगेल. त्यांनी कागद आणि वही माझ्यापुढे ठेवली. कागदावर नुसती रेघ काढलेली होती. ठिपके घाल, म्हणाले. बाकीचे चार सर बघत होते.

सहा घातले. सातवा रेघेपासून फार वर होता. माझा हात थांबला आणि तोंडातून निघून गेलं, "सर, हा जरा खाली घेऊ?"

पाचही जण हसले. संयोगिताही हसली, डोळे पुसत.

सर म्हणाले, "नको. ते रोप तेवढंच वाढलं. त्याला लाज नाही, मग तुला का?"

मी आठवीतून शाळा सोडली, हे सांगायचं मनात धरून गेलो होतो. त्यांनी विचारलंच नाही. तिने मग वहीवरून सगळं समजावून सांगितलं आणि त्यांनी फायलीवर "काम पुढे चालू ठेवावे" असं लिहिलं. तिला मात्र बजावलं, की लिहिणारा हात कुणाचाही असो, शेवटची नजर तुझीच पाहिजे. बाहेर तिच्या वर्गातल्या दोघांनी मला कागद लिहून देण्याचा दर विचारला. अक्षरं मी लिहीन, ठिपके तुमचे तुम्ही घाला, असं सांगितलं.

बसमध्ये ती म्हणाली, "अण्णा, दोन दिवस का थांबलास?" मी तिकिटाची सुरळी करत बसलो. बनशंकरी येईपर्यंत तिने परत विचारलं नाही. उतरल्यावर माझी पिशवी तिने घेतली.

आप्पांनी होसूरला नकार कळवला. "सरी, ठीक आहे, शिकू दे," म्हणाले आणि पेपर उघडला. काल रात्री मी मंगळवारनंतर पहिल्यांदा नीट झोपलो.

तुझा भाऊ,
परसू

हिशोब:
जमा, तुझी मनीऑर्डर: १०० रु.
पारदर्शक कागद, बारा: ३६ रु.
पेनं, चार रंग: ४४ रु.
शिल्लक २० रु. संयोगिताच्या हातात दिले.
शुक्रवारसाठी तिने आणखी सहा कागद आणले, १८ रु. हे तुझ्या पैशांतून धरलेले नाहीत. ते मी द्यायचे आहेत. ती घेत नाही.