‘बिनविरोध बायको’ आणि माझ्या इतर चीजवस्तूंची व्यवस्था

मी, सत्तार इब्राहीम मणियार, वय वर्षे त्र्याहत्तर, मूळचा काष्टी, तालुका श्रीगोंदा इथला, हल्ली मुक्काम सावेडी, अहिल्यानगर, धंदा मराठी सिनेमांचे दिग्दर्शन, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही घेणेदेणे नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. घरात मोठ्याने बोलणारी माणसे आहेत, पण त्याला दडपण म्हणत नाहीत. तब्येत बरी आहे. आज सकाळीच पोटभर खिचडा खाऊन मी लिहायला बसलो आहे.

आमचे वकील फरदीन शेख यांचे म्हणणे आहे की मृत्युपत्रात कोणाला काय दिले एवढेच लिहावे, का दिले ते लिहू नये. मी त्यांना म्हणालो, “वकीलसाहेब, आयुष्यभर माझ्या पटकथांना लोकांनी कात्री लावली. या एका कागदाला तरी लावू नका.” त्यांनी पेन खाली ठेवले आणि चहा मागवला. तेव्हा पुढचा सगळा मजकूर माझा आहे.

कलम १. सावेडीचे घर आणि बँकेतल्या ठेवी. आमच्या धर्माच्या कायद्याने वारसांचे वाटे आधीच ठरलेले आहेत. पत्नी शहजादी, मुलगा परवेझ आणि मुलगी शबनम यांना ते त्याप्रमाणे मिळावेत. त्यात मी दिग्दर्शन करू इच्छित नाही. विनंती एकच, की शहजादी आहे तोवर घर विकू नये आणि स्वयंपाकघरातली पूर्वेची खिडकी बुजवू नये. त्या खिडकीशी उभी राहून तिने माझी प्रत्येक पटकथा ऐकली आहे. ज्या प्रसंगाला ती ऐकायचे सोडून कांदा चिरायला लागली, त्या प्रसंगाला थेटरातले लोक हमखास उठून बाहेर गेलेले आहेत.

कलम २. कायद्याप्रमाणे मिळकतीचा एक तृतीयांश भाग वारसांखेरीज कोणालाही देता येतो. माझ्या ‘बिनविरोध बायको’ या सिनेमाचे हक्क त्या तिसऱ्या हिश्शात आरामात बसतात, असे वकिलांनी खात्रीने सांगितले. इतक्या खात्रीने सांगितले, की मला जरा वाईटच वाटले.

आता हे हक्क माझ्याकडे कसे आले आणि पुढे कोणाकडे जायचे, ते सांगतो.

माझे वडील काष्टीच्या बाजारात बांगड्या भरायचे. बांगडी चढवताना ते हाताकडे बघत नसत, बाईच्या चेहऱ्याकडे बघत. म्हणायचे, “दुखतंय का नाही, ते तोंड सांगतं बेटा, मनगट नाही.” मी सिनेमाच्या धंद्यात पडलो, पण बघण्याची ही रीत घरचीच घेऊन गेलो. माझा सिनेमा लागला की मी पडद्याच्या पायाशी बसायचो, पडद्याकडे पाठ करून. लोकांची तोंडे बघायचो. माझ्या ‘सासऱ्याची सायकल’ला लोक खुर्चीवरून खाली पडेपर्यंत हसले. ‘दुपारची एसटी’ मी फार जीव ओतून केला होता, गंभीर होता. नगरच्या एका थेटरात मध्यंतरानंतर फक्त शहजादी उरली. मॅनेजरने येऊन तिला विचारले, “बाई, तुम्ही पण जाताय का? म्हणजे पंखे बंद करतो.” ती म्हणाली, “चालू ठेवा. मला शेवट माहीत नाही.” शेवट तिला पाठ होता.

पण या दोन्हींच्या आधी ‘बिनविरोध बायको’ झाला. तो माझा पहिला सिनेमा. ज्या बाईच्या तोंडाला सगळे गाव घाबरते, ती निवडणुकीत बिनविरोध सरपंच होते आणि मग गावाला सरळ करते, अशी गोष्ट. पैसे घातले होते श्रीमंत शेठनी. चित्रीकरण खर्ड्याला, किल्ल्याच्या आसपास. कॅमेऱ्यावर रंगनाथ, माझा काष्टीच्या शाळेपासूनचा दोस्त. नायिका मुंबईची, नावाजलेली होती.

पहिल्याच दिवशी आमच्या माणसांनी जनरेटर एका शेतात कांद्याच्या वाफ्यावर आणून ठेवला. शेताची मालकीण चांगुणा खुरपे हातात घेऊनच आली. तिने आधी जनरेटरवाल्याला, मग रंगनाथला आणि शेवटी मला असे काही सुनावले, की सगळे युनिट श्वास रोखून ऐकत राहिले. “तुमाला रडायचं नाटक करायला जागा पायजे, आन माजं खरं पीक तुडवताय व्हय? उचला ते धूड, न्हायतर त्याच्यासकट तुमालाच लावते वाफ्यात!” जनरेटर उचलला गेला. मागून नायिका हळूच माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “सत्तारभाई, हिलाच घ्या. मी मेले तरी इतकं चांगलं बोलू शकणार नाही. मला तिची जाऊ करा.” इतक्या मोठ्या मनाची नटी मला पुन्हा भेटली नाही. ती जाऊ झाली, आणि झकास झाली.

चांगुणाला तयार करायला मात्र दोन दिवस गेले. नवऱ्याची ना नव्हती, तिचीच होती. शेवटी म्हणाली, “करते. पन खुरपनी उरकल्यावर.” आम्ही सगळ्यांनी मिळून तिची खुरपणी उरकून दिली. रंगनाथने कांद्याची निम्मी रोपे उपटली आणि गवत राखले. त्याबद्दल त्याला जे ऐकायला मिळाले, ते तसेच्या तसे मी सिनेमात घेतले.

सिनेमा तयार झाला. श्रीमंत शेठनी पाहिला आणि म्हणाले, “बाई दिसते छान, पण बोलते गावंढळ. पुण्या-मुंबईत कोण ऐकणार?” करारात शेवटचा शब्द त्यांचा होता. माझे भांडण चालले नाही. त्यांनी शहरातल्या एका बाईकडून चांगुणाचे सगळे संवाद पुन्हा बोलून घेतले, शुद्ध आणि गोड. तो सिनेमा थेटरात लागला आणि आठवडाभरात उतरला. नगरला पहिल्याच खेळाला खर्ड्याची मंडळी गाडी करून आली होती. चांगुणाने पडद्यावर तोंड उघडले आणि मागून एक म्हातारा ओरडला, “अरं, ही आमची चांगुणा न्हाई! हिच्या नरड्यात कोन बसलंय?” सगळे थेटर त्याच्या बाजूने झाले. त्यातला मीही एक होतो.

शेठ वैतागले. चांगुणाच्या खऱ्या आवाजाची आणि गोड आवाजाची अशा दोन्ही प्रती, निगेटिव्ह आणि सिनेमाचे सगळे हक्क त्यांनी रीतसर लिहून माझ्या अंगावर टाकले. “घेऊन जा हे पोतं,” म्हणाले. ते पोते मी आणि रंगनाथने टेम्पोत घातले आणि जत्रांमध्ये फिरत्या तंबूंतून चांगुणाच्या आवाजाची प्रत दाखवायला सुरुवात केली. तिथे तो सिनेमा जगला. लोक पुन्हा पुन्हा यायचे. तंबूत बायकांना दोरीपलीकडे, मागे बसवायची रीत होती, आणि हसण्याचा पहिला आवाज कायम त्या दोरीपलीकडून यायचा. पुढे तंबू उठले. टीव्हीवाल्यांनी माझ्याकडून मागून नेऊन लावला, तो मात्र शेठचा गोड आवाजाचा सिनेमा. माझ्या मुलांनीही तोच पाहिला.

श्रीमंत शेठ आता हयात नाहीत. त्यांच्यावरचा माझा राग मी कोणाच्याही नावे करीत नाही. तो माझ्याबरोबर संपावा.

मागच्या वर्षी शबनमची मुलगी इन्शा मोबाईल घेऊन आली. म्हणाली, “नाना, नेटवर तुमच्या सिनेमाला दहापैकी तीन मिळालेत. लोक म्हणतात, हिरॉइनचं तोंड आणि आवाज जुळत नाही.” मी म्हणालो, “बरोबर आहे लोकांचं. मीही तीनच दिले असते.” त्याच सुमारास एका कंपनीचा निरोप आला. त्यांना ‘बिनविरोध बायको’ विकत हवा होता, पण गोड आवाजाचा. आणि दुसरी प्रत कुठेही, कधीही दाखवायची नाही, अशी अट. परवेझचे म्हणणे, देऊन टाकावा. “अब्बा, निदान कुठेतरी राहील तरी. कपाटात सडण्यापेक्षा बरं.” शबनमचे म्हणणे उलट. घरात आवाज चढले. शहजादी म्हणाली, “ज्या सिनेमावरून भांडताय, तो दोघांनी बघितलाय का?”

चांगुणाच्या आवाजातला दोघांपैकी कोणीच पाहिला नव्हता. म्हणून यंदा माघात आम्ही सगळे खर्ड्याला गेलो. किल्ल्याशेजारच्या मैदानात पडदा बांधला. रंगनाथने जुना प्रोजेक्टर दुरुस्त केला होता. चांगुणा आली, आता पंचाहत्तरीला टेकलेली, नातसुनांना घेऊन. प्रिंटचा रंग उडून सगळे गुलाबी झाले होते. पण तिचा आवाज आला आणि मैदान खदखदून हसले. परवेझ माझ्या शेजारी ताठ बसून होता.

मग चौथे रिळ लागले आणि आवाजच गेला. ग्रामसभेचा प्रसंग, सगळ्या सिनेमाचा कळस, आणि पडद्यावर चांगुणा नुसते ओठ हलवतेय. रंगनाथने मशीनकडे हात नेला. तेवढ्यात ती उठली.

“थांब रं रंगनाथा, बंद करू नगं. माजं बोलनं मला येतंय.”

पडद्याजवळ जाऊन तिने कमरेवर हात ठेवला आणि आपल्याच तरुण तोंडाकडे बघत बोलायला लागली. “पान्याच्या टाकीला भोक पडलंय, आन तुमी माज्या पदराची मापं काढताय व्हय? खुर्ची माजी हाय, मंग पाय तुमचं कसं तिच्यावर? घ्या खाली!” एक शब्द पुढे नाही, एक मागे नाही. आणि मग दोरीपलीकडच्या त्या जुन्या बाया, ज्या आता पुढच्या रांगेत नातवंडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या तिच्याबरोबर बोलू लागल्या. त्यांनाही पाठ होते. “घ्या खाली!” सगळे मैदान ओरडले. पडद्यावर तिच्या दिराने सरपंचाच्या खुर्चीवरचे पाय खाली घेतले, आणि टाळ्यांनी किल्ल्यावरची कबुतरे उडाली. माझ्या धंद्यात मला जे काही मिळायचे होते, ते त्या एका रिळात मिळाले.

खेळ संपल्यावर परवेझ उठून चांगुणाकडे गेला. खिशातला कंपनीचा कागद काढून म्हणाला, “मावशी, यांना सिनेमा पाहिजे, पण तुमचा आवाज नको.”

ती म्हणाली, “मंग त्यास्नी माजं त्वांड तरी कशाला पायजे?”

परवेझ इतका हसला, की त्याला खाली बसावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यानेच फोन करून कंपनीला नकार कळवला.

तर, ‘बिनविरोध बायको’ या सिनेमाचे सर्व हक्क, दोन्ही आवाजांच्या प्रती आणि निगेटिव्ह मी चांगुणा, राहणार खर्डा, तालुका जामखेड, यांना देतो. त्यांना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला सिनेमा देता? ठिवू कुठं? कांद्याच्या चाळीत?” रिळे इन्शा सांभाळेल असे ठरल्यावर त्यांनी होकार दिला, तोही अट घालून. अट त्यांच्याच शब्दांत नोंदवतो: “सालातनं एकदा खर्ड्याला दावायचा, फुकट. आन बाया पुढं बसतील.”

कलम ३. माझे जुने संकलनाचे टेबल इन्शाला. चौथ्या रिळाचा त्या संध्याकाळचा आवाज तिने मोबाईलवर टिपला होता, आणि तो चित्राला जोडला आहे. त्यात तरुण चेहऱ्यातून म्हातारीचा आवाज येतो, मागे पोरे रडतात, कोणीतरी शिंकते. त्यातले काहीही पुसू नये. ही प्रत चांगुणाबाईंना विचारून नेटवर ठेवली आहे. तिला किती तारे पडतात, ते मी इन्शाला कधीच विचारत नाही. जेवणापूर्वी विचारतो, तेवढेच.

कलम ४. समीक्षक रविराज यांना माझी तंबूतली सतरंजी. यांनी माझ्या प्रत्येक सिनेमावर लिहिले आणि एकाही सिनेमाला बरे म्हटले नाही. ‘बिनविरोध बायको’वर यांनी लिहिले होते, “नायिका बोलू लागली की सिनेमा मरतो.” खर्ड्याला तेही आले होते, गुपचूप, मागे. परतताना गाडीत म्हणाले, “सत्तार, मी परीक्षण बरोबरच लिहिलं होतं. फक्त तो सिनेमा दुसरा होता.” यापुढे त्यांनी जमिनीवर, लोकांत बसून सिनेमा बघावा. पाठ दुखेल, पण नजर सुधारेल.

कलम ५. ज्या मॅनेजरने ‘दुपारची एसटी’चे पंखे बंद करायची घाई केली, त्यांना काहीही नाही.

कलम ६. रंगनाथला माझा कॅमेरा द्यायचा होता. पण साक्षीदाराला काही न देणे बरे, असे वकील म्हणाले. त्याला विचारले, कॅमेरा हवा की साक्षीदार व्हायचंय? म्हणाला, “कॅमेरा आत्ताच दे, सही नंतर करतो.” म्हणून तो काल त्याच्या हाती दिला आहे आणि या मृत्युपत्रात मोजू नये.

कलम ७. दफन काष्टीला, अब्बांच्या शेजारी. भाषणे नकोत. नमाजनंतर आलेल्यांना जेवू घालावे, आणि कोणी माझ्या सिनेमातला विनोद सांगितला तर हसायला हरकत नाही. ‘दुपारची एसटी’ची कोणी स्तुती केली, तर त्याने तो खरोखर पाहिला आहे का, हे शहजादीने विचारावे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शबनमने करावी. ती शाळेत शिकवते. वर्ग शांत ठेवायची तिला सवय आहे.

वर लिहिलेले सारे मी स्वतः वाचले, हसलो, आणि बदलावेसे काही वाटले नाही, म्हणून खाली सही करतो. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

ठिकाण : सावेडी, अहिल्यानगर
तारीख : ९ नोव्हेंबर २०२५

सही
सत्तार इब्राहीम मणियार

साक्षीदार. सत्तार मणियार यांनी आमच्या समक्ष सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते.

१. रंगनाथ, राहणार काष्टी, छायालेखक
२. डॉ. गोरक्षनाथ, राहणार सावेडी. रक्तदाब तपासला, ठीक आहे.

वारसांचे म्हणणे

परवेझ : कलम २ माझ्या डोळ्यांदेखत घडले. माझी हरकत नाही.

शबनम : मान्य. वर्ग शांत ठेवीन.

शहजादी : सगळे वाचले. मान्य आहे. घाई नाही.